भीमेच्या पाण्यातली म्हैस

प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाच्या, अर्णवच्या डब्यासाठी पोहे परतत होते, तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे सहादेवकाका. अंगात कालचाच इस्त्रीचा सदरा, छातीवर पदक तसंच.

"काका, झोपलात तरी का रात्री?"

"झोपून काय करू? गोष्ट अर्धी ऱ्हायली."

काल कॉलनीत त्यांचा सत्कार होता. काका मूळचे काष्टीचे. एकाहत्तरच्या लढाईत पकडले गेले, पुढचं वर्ष पाकिस्तानच्या कैदेत काढलं. आता मुलाची नोकरी नागापूरला, म्हणून इथे राहतात. काल माइक हातात येताच त्यांनी लढाई सोडून म्हशीची गोष्ट सुरू केली. लोक हसायला लागले. सूत्रसंचालकाने शाल पांघरवता पांघरवता माइक काढून घेतला. "काका, शत्रूचं सांगा की काहीतरी!"

कैदेत बराकीचं दार संध्याकाळी लागलं, की काकाच गोष्ट सांगायचे. काष्टीच्या बाजारात दौंडच्या माणसाला विकलेली म्हैस. दावं तोडते, भीमेत शिरते, पोहत घराकडे निघते. दर वेळी तिला कुणीतरी धरून परत नेतं. काकांच्या शेजारी मिरजगावचा राम पडून असायचा, पोटात गोळी लागलेला. हूं म्हणायचं काम त्याचं.

"हूं आलं की कळायचं, गडी हाय. एका सांजंला म्हैस मधल्या धारंला आली अन् हूं आलंच न्हाई." काका म्हणाले. "तवापासनं ती पान्यातच हाय."

सुटून आल्यावर ते रामच्या आईकडे, रंगुबाईकडे गेले. माझा लेक शेवटाला काय बोलला, तिने विचारलं. काकांनी खरं तेच सांगितलं, "हूं म्हनला." ती म्हणाली, "मेल्या, माझी थट्टा करतोस व्हय?" आणि दार लावून घेतलं. घरी बायकोने, बनुकाकूंनी बजावलं, मेलेल्याची गोष्ट या घरात नको. आता त्याही नाहीत. नातू करण समोर मोबाईल ठेवून निघून जातो. "बोला आजोबा, रेकॉर्ड होतंय."

"मोबाईल हूं म्हनत न्हाई, ताई."

"सांगा ना काका, मी ऐकतेय," कढईवरची नजर न काढता मी म्हटलं.

मागून काहीच आवाज आला नाही. मी वळले.

"पोराचा डबा भरा आधी," काका म्हणाले. "मग हितं समोर बसा, अन् मधनंमधनं हूं म्हना. म्हैस घरी न्यायचीय."