पंचाहत्तर किलोचा माणूस

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक पट्टी आहे: ‘४ व्यक्ती, २७२ किलो’. डोंबिवलीत राहायला आलो त्या दिवशी मी, माझी पत्नी आणि तांदळाचं एक पोतं लिफ्टमध्ये शिरलो. मागून अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आले. आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही एकाहत्तर. पोतं तीस. मी अठ्ठावन्न. वहिनींचं मी बोलून दाखवत नाही. बसतो आपण. फक्त पोतं दाराशी नको, मधे घ्या.”

मला आकड्यांचा नाद आहे. ठाण्याच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात गुणांच्या बेरजा तपासण्यात माझी आजवरची सगळी नोकरी गेली आहे. त्यामुळे दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा काट्यावर उभा राहिलो. साडेएकाहत्तर. जिन्यात गाठ पडल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “चपला काढल्या होत्या?” काढल्या नव्हत्या.

हे साळवेकाका. चौथ्या मजल्यावर राहत, आमच्या बरोबर खाली. एका मोठ्या विमान कंपनीत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. विमान कंपनी म्हटल्यावर इमारतीतल्या मुलांना ते वैमानिक वाटायचे. ते वैमानिक नव्हते, इंजिनिअर नव्हते, तिकिटं देणारेही नव्हते. विमानात किती वजन चढलं आणि ते कुठे ठेवलं, याचा कागद तयार करणं हे त्यांचं काम. हा कागद हातात पडून त्यावर कॅप्टनची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. मला हे पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. विमान भरलं की उडतं, एवढीच माझी समजूत होती.

“किती वजन, ते नंतर विचारायचं,” काका म्हणायचे. “कुठे ठेवलंय, ते आधी.” तेच वजन शेपटीकडे सरकलं तर नाक वेळेआधी उचलतं, पुढे सरकलं तर उचलायला मागत नाही. कागदावरून कॅप्टन शेपटीची पट्टी किती कलती ठेवायची ते ठरवतो. कागद चुकला तर पट्टी चुकते.

मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. ते लागले तेव्हा कंपनीकडे पंख्याची विमानं होती. माणसं कमी असली की पुढच्या रांगेतल्यांना हात जोडून मागे बसवावं लागे. “लोक भांडायचे. मी खिडकीचे पैसे दिलेत म्हणायचे. आता कसं सांगणार, बाबा, तू वजन आहेस?” मग जेट आली, मग आत चालायला दोन वाटा असलेली रुंद विमानं आली. कागदावर पेन्सिलीने पायऱ्या काढत जायचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. मग खाजगी कंपन्या आल्या. शेवटी त्यांची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळली आणि शेपटांवरचा रंग बदलला. “रंगाचंही वजन असतं बरं का,” ते म्हणाले. “आख्खं विमान रंगवलं की पुन्हा तोलतात.” हे मला त्या दिवसभर पुरलं.

एकदा मी लिफ्टच्या पट्टीवरचा भागाकार त्यांना दाखवला. दोनशे बहात्तर भागिले चार, म्हणजे लिफ्ट एका माणसाचे अडुसष्ट किलो धरते. ते खूश झाले. “आम्ही पंचाहत्तर धरायचो. हातातल्या बॅगेसकट. प्रत्येकाला काट्यावर कोण उभं करणार? म्हणून सगळे पंचाहत्तर. बारीक, जाडा, मंत्री, शिपाई, सगळे सारखे. एवढी समानता मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.” त्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. हे वाक्य बोलताना त्यांनी तिकडे पाहिलं आणि हसले.

काकांचे एक जुने सहकारी कधी कधी कल्याणहून येत. ते खालूनच हाक मारायचे, “ओ पैलवान!” अठ्ठावन्न किलोच्या माणसाला पैलवान का म्हणतात, हे मला कळेना. एकदा चहा घेताना मी त्यांनाच विचारलं.

“सांगितलं नाही तुम्हाला? अहो, यांनी विमान परत बोलावलं होतं. बावीस पैलवानांसाठी.”

काकू आतून म्हणाल्या, “झालं सुरू.” काका बशीत चहा ओतत राहिले. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं.

दिल्लीचं सकाळचं विमान होतं. यादीत मागच्या भागात बावीस जणांचा एक गट होता. काकांनी नेहमीप्रमाणे पंचाहत्तरने गुणलं आणि कागद केला. ते शिडीपाशी उभे असताना प्रवाशांची शेवटची बस आली. बावीस जण उतरले आणि रिकामी झालेली बस स्प्रिंगवर वीतभर वर आली. शेजारचा लोडर म्हणाला, “साहेब, बस उड गयी.” दोघंही हसले. काका वर गेले, कॅप्टनची सही घेतली, खाली आले. दार लागलं, विमान निघालं. काका चहाच्या टपरीवर आले. तिथे तीच बस पुन्हा समोर येऊन थांबली, तिच्यातून तेवढीच साधी माणसं उतरली आणि बस जेमतेम चार बोटं उचलली.

“कप तसाच ठेवला,” काका म्हणाले. “आत पळालो. फोनवर म्हटलं, थांबवा. साहेबांनी विचारलं, कागद चुकलाय का? म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाले, मग थांबवू कशाला? म्हटलं, माहीत नाही म्हणूनच.”

विमान धावपट्टीच्या तोंडावरून परत आलं. काका वही घेऊन वर चढले आणि एकेकाला वजन विचारू लागले. “पैलवानाला वजन विचारायला लाज नाही. ग्रॅममध्ये सांगतात. एकाने तर दोन सांगितली, जेवणाआधीचं आणि नंतरचं.” नवा कागद झाला. विमान दीड तास उशिरा गेलं. काकांना मेमो मिळाला. चौकशी झाली. वरची जागा रिकामी होणार होती, तिच्यासाठी यांचंच नाव होतं, ती मागून लागलेल्या माणसाला मिळाली. काका आणखी सहा वर्षं त्याच टेबलावर राहिले.

“चौकशीत काय निघालं?” मी विचारलं.

ते उठले. कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले दोन कागद त्यांनी काढले. एक त्या दिवशीच्या पहिल्या कागदाची कार्बन प्रत. दुसरी बावीस वजनांची यादी. कोरे फॉर्मही होते. “काय निघालं ते मी सांगत नाही. तुम्ही बाहेरचे आहात आणि बेरीज तुमची पक्की आहे. मी तुम्हाला रीत शिकवतो. तुम्ही काढा. विमान रेघेच्या आत होतं की बाहेर, ते मला सांगा.”

एवढ्या वर्षांनंतर त्यांना ते माझ्याकडून का हवं होतं, हे मला समजलं नाही. पण मागताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

चार रविवार मी शिकत होतो. रिकाम्या विमानाच्या आकड्यापासून सुरुवात करायची. पुढच्या भागातली माणसं, मधली, मागची, पोटातलं पुढचं सामान, मागचं सामान, इंधन. एकेका ओळीत पेन्सिलीची रेघ डावीकडे किंवा उजवीकडे सरकवत खाली यायचं. शेवटी एक उभी रेघ सोडायची आणि ती खालच्या चौकटीत कुठे पडते ते बघायचं. आत पडली तर ठीक. पाचव्या रविवारी मी माझ्या घरी, दार लावून, बावीस पैलवान त्यांच्या खऱ्या वजनांनी विमानात बसवले.

रेघ चौकटीच्या बाहेर पडली.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माणूस बरोबर होता आणि त्याच्यावर अन्याय झाला होता. मी चपला घालून खाली निघालोही होतो. पण परीक्षा विभागात एक सवय लागते: मनासारखा निकाल आला की बेरीज पुन्हा करायची. दारातूनच परत फिरलो. पैलवानांच्या बॅगा मी एकदा त्यांच्या वजनात धरल्या होत्या आणि पुन्हा एकदा मागच्या सामानात. दुरुस्त करून रेघ सोडली. ती चौकटीच्या दोन मिलिमीटर आत पडली. तिसऱ्यांदा केलं. दोन मिलिमीटर आत.

त्या संध्याकाळी मी गेलोच नाही. सोमवारी कामावरून येताना लिफ्टमधून मुद्दाम चौथ्यावर उतरलो. काका वर्तमानपत्र बाजूला ठेवून ताठ बसले.

“आत होतं, काका,” मी म्हणालो. “दोन मिलिमीटर. तीनदा केलं.”

“अडीच,” ते म्हणाले. “तुमची पेन्सिल जाड आहे. चौकशीतही तेच निघालं होतं.”

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “म्हणजे तसंच गेलं असतं तरी चाललं असतं.”

“चाललं असतं. सगळे तेच म्हणाले. तीस वर्षं मीही स्वतःला तेच विचारतोय, साळवे, चाललं असतं तर थांबवलंस कशाला? निकाल माहीत नसलेल्या माणसाने ते कधी काढलंच नव्हतं, म्हणून तुम्हाला कामाला लावलं.” मग ते पुढे वाकले. “मला एवढंच सांगा, केळकर. पेन्सिल हातात घ्यायच्या आधी तुम्हाला माहीत होतं का?”

“नाही. मला तर पहिल्या खेपेला बाहेर आलं होतं.”

“बाहेर आलं होतं?” ते एकदम हसले. इतके, की त्यांना ठसका लागला आणि काकू पाणी घेऊन आल्या. “ऐकलंस का गं? केळकरांचं विमान बाहेर गेलं!” मग डोळे पुसत म्हणाले, “बस. एवढंच हवं होतं. माणसं अशीच चुकतात आणि तेवढ्यात विमान उडतं. नंतर सगळ्यांनाच माहीत असतं हो. आधी माहीत होतं का, ते विचारायचं.”

ते कागद त्यांनी परत घेतले नाहीत. अजून माझ्याकडे आहेत.

गेल्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. ठाण्याच्या इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा नर्स त्यांचं वजन घेत होती. सेहेचाळीस. मी नजर वळवली, पण त्यांच्या ते लक्षात आलं. “काळजी नको,” ते म्हणाले. “कंपनीच्या कागदावर मी अजून पंचाहत्तरच आहे.” तीन आठवड्यांनी, घरी आणल्यावर, ते गेले. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावलं नाही. जिन्यावरून नेताना पुढे कोण धरणार, मागे कोण, वळणावर कोणी आधी वळायचं, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला. त्यांना लागला नसता. खाली पांढऱ्या कपड्यांत माणसं जमली होती, आणि त्रिशरण म्हणायला कल्याणच्या त्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली.

या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीने गच्चीवर जादा टाकी बसवली. आमच्याकडे पाणी एक वेळ येतं, त्याचाही नेम नाही. दहा हजार लिटरची टाकी, म्हणजे दहा टन. मी सेक्रेटरी. संध्याकाळी वर जाऊन पाहिलं, तर कंत्राटदाराने टाकी ठरलेल्या जागी न ठेवता पाच फूट अलीकडे ठेवली होती. पाइप आखूड पडला म्हणे. खाली खांब आहे की नुसता स्लॅब, ते त्याला सांगता येईना. मलाही येईना. मी व्हॉल्व्ह बंद केला, त्याला कुलूप लावलं आणि ठाण्याच्या एका इंजिनिअरला फोन केला. त्याला चार दिवसांनंतरची वेळ होती.

ते चार दिवस मी विसरणार नाही. टाकी जोडायची म्हणून जुनी लाइन तोडलेली होती. लोक खालच्या नळावरून बादल्या भरून वर नेत होते. इमारत ज्यांच्या जुन्या जमिनीवर उभी आहे ते म्हात्रेशेठ आमचे चेअरमन. ते रोज सकाळी माझ्या दाराशी येत. “केलकर, अहो टाकी नवीन हाय, बिल्डिंग मजबूत हाय. कशाला लोकांना तरास?” कोणीतरी लिफ्टमध्ये माझ्या नावाने काहीतरी लिहिलं. पत्नी म्हणाली, “चावी देऊन टाका ना.” तिसऱ्या दिवशी मीही डळमळलो. चावी खिशातून काढून हातात घेतली होती.

इंजिनिअर आला. हातोडीने ठोकून, टेपने मोजून, जुना नकाशा पाहून तो म्हणाला, “खाली बीम आहे. चालेल.”

गच्चीवर वीसेक माणसं होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. म्हात्रेशेठ मोठ्याने म्हणाले, “बघला? मी काय बोललो? चार दिवस फुकट!”

गर्दीच्या मागे साळवेकाकू उभ्या होत्या. चौथा मजला, वय अडुसष्ट, आणि लिफ्टपुढे बादल्यांची रांग म्हणून त्या जिन्याने पाणी नेत होत्या. त्या पुढे आल्या.

“शेठ,” त्या म्हणाल्या, “चार दिवसांपूर्वी तुम्हाला माहीत होतं का, खाली बीम आहे ते?”

म्हात्रेशेठनी इंजिनिअरकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. माणूस सरळ आहे. “नाय,” ते म्हणाले.

“मग झालं.” काकू माझ्याकडे वळल्या. “आमच्या ह्यांनी दीड तासात आटपलं होतं. तुम्ही चार दिवस लावलेत, केळकर. उघडा आता.”

मी चावी लावली. पाणी टाकीत पडू लागलं, आणि पाण्यावर पाणी पडून आवाज बदलेपर्यंत कोणीच खाली गेलं नाही.