नारळी पौर्णिमेपर्यंत बंद

आमच्या क्लासच्या बाईंची एक सवय मला सुरुवातीला फार विचित्र वाटायची. कोणी नवीन ॲप वापरून बघत असला की आम्ही मुलं त्याचं बोट कुठे जातंय ते बघायचो. बाई समोर बसून गवार मोडत राहायच्या. तो माणूस फोन खाली ठेवायच्या बेतात आला की मान वर करून त्याचा चेहरा बघायच्या. फक्त तेवढ्यापुरतं. "उघडताना सगळे सारखेच दिसतात गं," त्या म्हणायच्या, "ठेवताना कळतं. काम झालेला माणूस वेगळा दिसतो आणि अडकून सुटलेला वेगळा."

मला बाईंबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. गाव अलिबागपासून बरंच आत, डोंगराकडे. घरची थोडी भातशेती, आणि बाबा कंपनीत कंत्राटावर. कॉम्प्युटर शिकायला अलिबागला आले तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, आणि तो मागावा असं कोणी नव्हतं. बाजाराजवळ एका शिंप्याच्या दुकानाच्या वर बाईंचा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. मागच्या खोलीत त्या एकट्या राहत. मी दारात घुटमळत होते. त्यांनी विचारलं, "शिकायचंय की शिकवायचंय?" मी म्हटलं, दोन्ही येत नाही. त्या हसल्या. "मग सकाळच्या बॅचला बस. दुपारनंतर मशीन तुझं."

अलिबागेत त्यांना नावाने फारसं कोणी ओळखत नसे. कोर्टातले, कचेऱ्यांतले किती तरी कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे सगळ्यांच्या त्या बाईच. टायपिंगला मुलं येईनाशी झाली तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बाई ॲप बनवायला शिकल्या, आणि बनवायच्या त्या लहान माणसांसाठी. नागावात घरच्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या एक वहिनी, दिवेआगरचे नारळ-सुपारी पाठवणारे एक वाडीवाले, असे त्यांचे लोक. मोठ्या कंपन्या जो आकडा सांगत, त्यात या लोकांची घरं शाकारून झाली असती. बाई त्यांना झेपेल एवढंच घेत आणि झेपेल एवढंच बनवत.

त्यांच्या टेबलावर काच तडकलेला एक जुना फोन असायचा. त्याच्यावर जे चालणार नाही ते त्या बाहेर जाऊ देत नसत. एकदा मी ॲपच्या पहिल्या पानावर लाटांचं सुंदर हलतं चित्र टाकलं. त्या जुन्या फोनवर ते उघडेना. बाई म्हणाल्या, "छान आहे. पण समुद्र या लोकांच्या दारातच आहे." मग चित्र काढताना माझा पडलेला चेहरा बघून म्हणाल्या, "परवडणारं म्हणजे नुसतं बनवायला नाही गं. ज्याच्या फोनमध्ये ते जाणार, त्या फोनला पण परवडलं पाहिजे. नातवाचे फोटो पुसून कोण तुझं ॲप ठेवेल?"

नोटिफिकेशन हा शब्द बाई वापरत नसत. त्या म्हणायच्या, हाक. "हाक मारायची तर काम पाहिजे. उगाच हाका मारणाऱ्या माणसाकडे गावात कोण वळून बघतं?" मी लिहिलेली पहिली हाक होती, 'घाई करा! संधी सोडू नका!' बाईंनी मला ती घेऊन खाली शिंपीकाकांकडे पाठवलं. "वाचून नको दाखवू. दारात उभी राहून म्हण." मी लाजत लाजत म्हटलं. शिंपीकाकांनी मशीन थांबवलं आणि घाबरून विचारलं, "काय गं, कुठं आग लागली?" वर आले तेव्हा बाई खुर्चीत हसून हसून लाल झाल्या होत्या. त्यानंतर मी लिहिलं, 'सुरमई आली आहे.' त्यांनी ते तसंच जाऊ दिलं.

ही सुरमई होती जनामावशीची. जनामावशी म्हणजे कोळीवाड्यातली एक म्हातारी, तोंडाने फटकळ आणि मनाने तशी नाही, असं मला नंतर कळलं. उभा जन्म तिने डोक्यावर पाटी घेऊन नागावच्या बंगल्यांच्या फाटकांवर मासळी विकली. मग गुडघे गेले. जिना, चढ, काही जमेना. तेव्हा तिच्यासाठी आणि तिच्या शेजारणींसाठी बाईंनी मासळीचं ॲप बनवलं. सकाळी बंदरावर जे उतरेल ते मावशी फोनमध्ये बोलून सांगायची, गिऱ्हाईक मागणी नोंदवायचं आणि रिक्षावाला पिशव्या पोचवायचा. मावशी एका जागी बसून असायची. "रानीसारखी बसवली मना बायनं," ती सगळ्यांना सांगायची. दोन वर्षं ते बरं चाललं.

त्या गिऱ्हाइकांत मुंबईचे एक साहेब होते. त्यांचा नागावला बंगला होता आणि मुंबईत स्वतःची ॲपची कंपनी. माणूस सरळ आणि मदत करण्याच्या मनाचा. हे ॲप आपण मोठं करू, किनाऱ्यावरच्या सगळ्या कोळीवाड्यांना देऊ, असं त्यांनी सुचवलं. अट एकच होती. पावसाळ्यातही लोक ॲप उघडत राहिले पाहिजेत.

अडचण तिथेच होती. पावसाळ्याचे दोन महिने, मासळीच्या विणीच्या काळात, मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून झाकून ठेवतात. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी मे महिन्यातच विकून संपलेली असते. विकायला काही उरत नाही. साहेबांनी क्लासमध्ये बसून उपाय सांगितले. रोज एक पाककृती पाठवा, कोडी घाला, बक्षिसं ठेवा. मला ते सगळं पटत होतं. आमच्या कॉलेजच्या पुस्तकातही तसंच होतं.

बाई म्हणाल्या, "बंदीत आपणही बंद ठेवू."

"दोन महिने दार बंद ठेवलंत तर लोक पत्ता विसरतात, बाई," साहेब म्हणाले.

"विसरले तर विसरू देत. पण आत मासळी नसताना दार उघडायला लावलं, तर तेवढं मात्र कधी विसरणार नाहीत."

साहेबांनी मान हलवली आणि चहा संपवून उठले. मला बाईंचा राग आला होता, पण बोलायची हिंमत नव्हती. ती जनामावशीला होती. आम्ही बंदरावर जाऊन सांगितलं तेव्हा ती बाईंवर खेकसली, "तुझं बराबर असंल गो. पन गिऱ्हाईक म्हंजे कोलंबी न्हाय, जाल्यात टाकून ठेवायला. उद्या कोन आला न्हाय तं? परत पाटी घ्यायची येल आली तं मी न्हाय उठायची."

बाई तिच्याशेजारी वाळूत बसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, आत्तापर्यंत बंदीनंतर गिऱ्हाईक यायचं ना तुझ्याकडे?"

"यायचा. पन तवा मी दारात जायची ना."

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी. पण खोटी हाक मारून लोकांना धरून ठेवलं तर तुझी खरी हाक कोणी ऐकणार नाही, एवढं मला वाटतं. तू नको म्हणालीस तर उघडं ठेवू." मावशीने तोंडातल्या तोंडात शिवी दिली आणि म्हणाली, "ठेव बंद. पन फोटो माझा लाव."

म्हणून जूनपासून ॲप उघडलं की एकच पान दिसायचं. झाकलेल्या होडीला टेकून नव्या लुगड्यात बसलेली जनामावशी, आणि खाली, 'होड्या वर ओढल्या आहेत. नारळी पौर्णिमेपर्यंत बंद.' सरकारी बंदी त्याआधी उठते, पण त्या वाड्यातल्या होड्या समुद्राला नारळ दिल्याशिवाय निघत नाहीत.

त्याच पावसात बाईंचं दुखणं वर आलं. पोटात दुखतं म्हणून त्या कधीपासून ओवा चावत होत्या. आम्हाला वाटायचं, पित्त. आषाढात त्यांचा भाऊ आला आणि त्यांना मुंबईला घेऊन गेला. जाताना त्यांनी क्लासची चावी माझ्या हातात दिली. मी विचारलं, "बाई, हाक कोण मारणार?" त्या म्हणाल्या, "तू. एकदाच मार."

नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या. मी लिहिलं, 'बंदी संपली. ताजी मासळी आली आहे.' पाठवायच्या आधी रिकाम्या क्लासमध्ये मोठ्याने म्हणून बघितलं.

फार थोडे लोक आले. दुसऱ्या दिवशीही तसंच. जनामावशी बंदरावर बर्फ लावून बसून राहिली आणि शेवटी उरलेली मासळी व्यापाऱ्याला पडत्या भावाने घालावी लागली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "श्रावन हाय गो, लोक खात न्हाईत. गनपती जाऊंदे." पण हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, आणि उठताना दोन्ही हातांनी गुडघे धरले. त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. ते अगदी हळुवार बोलले, पण आता त्यांना यात पडता येणार नव्हतं.

मी बाईंना फोन केला. किती आले, असं त्या विचारतील म्हणून आकडा तयार ठेवला होता. त्यांनी विचारलं, "कोण कोण आलं?" मी नावं वाचली. प्रत्येक नावाला त्या "हं" म्हणत होत्या, आवाज अगदी आत गेला होता. मी म्हटलं, "बाई, अजून एकदा हाक मारू का? थोडी सूट देऊ?"

"नको. ऐकलीय त्यांनी. आता त्यांना जेवायची इच्छा होऊ दे." मग दम लागला म्हणून थांबल्या. "भीती वाटते ना? मलाही वाटते."

बाईंना भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. घरोघर गणपती बसले होते तेव्हा त्यांच्या भावाचा फोन आला. सगळं मुंबईतच उरकलं होतं. मी क्लास उघडून नुसती बसले. थोड्या वेळाने जिन्यावर कोणीतरी चढत असल्याचा आवाज आला, एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग पुढची पायरी. जनामावशी होती. तिच्या मागे शिंपीकाका हात पुढे करून येत होते आणि ती त्यांना हात लावू देत नव्हती. मी म्हटलं, "मावशी, गुडघे…" "गप बस," ती म्हणाली. बाईंच्या खुर्चीत न बसता ती खाली फरशीवर बसली. "हितं बसायची का बाय?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती कधी वर आलीच नव्हती.

गौरी-गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बंदरावर गेले ती मावशीला आता काय सांगायचं, हा विचार करत. ती फोन कानाजवळ धरून रिक्षावाल्यावर ओरडत होती. पिशव्या भरायला शेजारणी बसल्या होत्या. सकाळपासून मागण्या येत होत्या. नागावच्या वहिनी होत्या, कोर्टातले दोघे-तिघे होते, ज्यांची नावं मी बाईंना वाचून दाखवू शकले नव्हते ते होते. बंगलेवाले साहेबही होते, त्यांना पापलेट हवं होतं. सगळे आले असं नाही. काही जण कधीच परत आले नाहीत, आणि ॲप बाकीच्या कोळीवाड्यांत गेलं नाही ते नाहीच. पण मावशीला उठावं लागलं नाही. त्या दिवशी मी कोणालाही हाक मारलेली नव्हती.

हे बाईंना कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा मी खूप विचार केला. बहुतेक त्यांनी पुन्हा नावंच विचारली असती.

शेवटच्या वर्षाला मी हेच ॲप प्रकल्प म्हणून दाखवलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर आलेख बघत होते. रेघ चढत गेलेली, मग दोन-अडीच महिने अगदी तळाला सपाट, मग पुन्हा वर. त्यांनी सपाट रेघेवर पेन ठेवलं.

"इथे काय झालं? एकही माणूस नाही. ॲप बंद पडलं होतं का?"

"नाही सर. बंद ठेवलं होतं."

"लोक टिकवायचे हाच तर तुमचा विषय आहे. मग बंद का?"

मी बरंच पाठ करून गेले होते. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"सर," मी म्हटलं, "मासे अंडी घालत होते."

मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, समोरच्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, "बस. हे कोणी ठरवलं, ते सांग."

मी बसले आणि सांगायला लागले.