पेरिनाने कौल लावणं सोडलं

लुचित्सात पावाची भट्टी एकच, आणि ती पेरिनाची. तिच्या धुराड्यातून धूर निघाला की बेटावरचं ते गाव जागं व्हायचं. पेरिना अंगाने दणकट, हसणं मोठं, जीभ तिखट आणि मन लोण्याचं. देवावर श्रद्धा अशी, की कणकेच्या प्रत्येक गोळ्यावर बोटाने क्रूस काढल्याशिवाय ती तो भट्टीत सारायची नाही. खोड एकच होती. काही ठरवायची वेळ आली की बाई देवाला कौल लावायची.

कोंबडी विकायची की ठेवायची? मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात पहिलं माणूस डावीकडून आलं तर विकायची. कौलं शाकारायची का? फादरच्या प्रवचनात पाऊस आला तर शाकारायची. त्या वर्षी प्रवचनात जलप्रलयातला नोहाही आला नाही, पाऊसही आला नाही. आभाळातून मात्र आला, आणि पिठाचं पोतं भिजून त्याचा लगदा झाला.

पण तिच्या या सवयीला एक भक्कम पुरावा होता. तरुणपणी दोघांनी एकदम मागणी घातली, तेव्हा ती धक्क्यावर उभी राहून म्हणाली होती, "प्रभू, ज्याच्या होडीवर आधी पाखरू बसेल तो माझा." पाखरू येर्कोच्या होडीवर बसलं. संसार दृष्ट लागावी असा झाला. एक लेक झाली, नेवेन्का. ती लग्न होऊन दूर झाग्रेब शहरात गेली, येर्को आजारपणात देवाघरी गेला, आणि पेरिना भट्टीच्या उबेला एकटी राहिली.

त्या वर्षी ऑलिव्हची झोडपणी चालू असताना एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. आधी नेवेन्काचा निरोप आला. तिला दिवस गेले होते, पाचवा महिना चालू होता. "आई, भट्टी बंद कर आणि कायमची इकडे ये," असं तिने कळवलं होतं. पेरिना आनंदाने रडली, मग भट्टीकडे बघून पुन्हा रडली.

दुसरी गोष्ट भर दुकानात घडली. झ्वाने हा दीपगृहाचा जुना राखणदार. उभी हयात खडकावर दिव्याशेजारी काढल्याने त्याचं लग्न राहून गेलं होतं आणि बोलायची सवयही. रोज सकाळी यायचा, "एक पाव" म्हणायचा आणि निघायचा. कधी ओट्यावर पानात गुंडाळलेले दोन मासे ठेवून जायचा, तेही न बोलता. त्या दिवशी मात्र "एक पाव" म्हणून झाल्यावर त्याने टोपी काढली.

"आणि माझ्याशी लग्न करशील का, तेवढं सांग."

रांगेत मागे पेरिनाची नणंद तोंका उभी होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली आणि कांदे दुकानभर धावले.

"पाव घे आणि चालायला लाग," पेरिना म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"लागतो. उत्तराचं काय?"

"विचार करून सांगते."

"सावकाश सांग. दीपगृहावर होतो मी. वाट बघायचाच पगार मिळायचा मला."

तोंकाला कांदे गोळा करता करता कंठ फुटला. "वहिनी, या वयात?"

"कोणत्या वयात गं?"

"गुडघ्यांना मलम चोळायच्या वयात!"

"एकमेकांचे चोळू," दाराबाहेरून झ्वाने म्हणाला आणि गेला.

मग पेरिनाने जे नेहमी करायची तेच केलं. उद्या पहिलं गिऱ्हाईक पुरुष आलं तर लग्न, बाई आली तर झाग्रेब. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तोंकाची शेळी आत आली आणि फळीवरचा पाव घेऊन पसार झाली. याचा अर्थ काय लावायचा ते पेरिनाला कळेना. मग तिने चर्चमध्ये मरियामातेपुढे दोन मेणबत्त्या लावल्या. एक झाग्रेबची, एक झ्वानेची. जी जास्त वेळ जळेल ती खरी. ती डोळे मिटून प्रार्थनेला बसली, तेवढ्यात चर्चचा सेवक आला. मेण वाया जायला नको म्हणून त्याने दोन्ही फुंकल्या.

तेव्हा ती तडक फादर आंद्रोंच्या अंगणात गेली. म्हातारे फादर भिंतीला टेकून जाळं शिवत बसले होते. तिने सगळं सांगितलं, शेळीसकट. फादर इतके हसले की त्यांच्या हातातली सुई गळाली.

"हसू नका हो फादर! देव माझ्याशी बोलेनासा झालाय."

"तो बोलतोय गं, तूच त्याला शेळीच्या तोंडून बोलायला लावतेस. एक सांग, येर्कोच्या होडीवर पाखरू का बसलं होतं?"

"देवाने पाठवलं म्हणून."

"येर्को त्या वेळी होडीत मासे साफ करत होता. आतडी काठावर टाकत होता. त्याने स्वतः मला सांगितलंय."

पेरिना मटकन पायरीवर बसली. "म्हणजे माझा संसार माशाच्या आतड्यांवर उभा राहिला?"

"नाही. तुला तो आधीपासून आवडत होता, तो भला होता, आणि तुम्ही दोघं रोज एकमेकांसाठी झिजलात. त्यावर उभा राहिला. पाखराला कशाला श्रेय देतेस?" फादरांनी जाळं बाजूला ठेवलं. "पेरिना, खरं सांग. तुला देवाची इच्छा जाणून घ्यायचीय, की चुकलं तर खापर फोडायला कोणीतरी हवंय?"

हे तिला लागलं. ती हळूच म्हणाली, "दुसरंच असेल."

"मग ऐक. शहाणपण मागितलं तर देव हात आखडत नाही, पण ते डोक्यात घालतो, मेणबत्तीत नाही. दोन्ही वाटांत पाप नाही, म्हणजे दोन्ही त्याच्यापुढे मोकळ्या मनाने ठेव. मग काही दिवस असं धरून चाल की झाग्रेबला जायचं ठरलं. कोणाला सांगू नकोस. काम कर, जेव, झोप, प्रार्थना कर आणि मनात काय उरतं ते बघ. मग काही दिवस दुसरं धर. पहिल्या उकळीवर जाऊ नकोस. पाणी निवळलं की तळ दिसतो. आणि ज्यांचा यात जीव गुंतलाय त्यांना तोंडाने विचार."

"आणि तरी चुकलं तर?"

"देव काय तुझी चूक पकडायला टपून बसलाय? बाप आहे तो. लेकरू अडखळलं तर बाप मारतो की उचलतो?"

पेरिनाने आधी झाग्रेब धरलं. पहिले दोन दिवस तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पाव देताना ती गिऱ्हाइकांकडे अशी बघायची, जणू उद्याच तिचा निरोप समारंभ आहे. "बरं नाही का गं तुला?" असं चौघींनी विचारलं. तिसऱ्या दिवशी कणीक तिंबताना तिच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात लोकांकडून 'केवढा त्याग केला बाईने!' असं वदवून घेतोय. ती ओशाळली. ती हौस बाजूला सारल्यावर खाली दोन गोष्टी उरल्या. बाळ मांडीवर घ्यायची ओढ अगदी खरी होती. पण 'कायमचं' हा शब्द आला की मन मागे सरायचं.

मग तिने लग्न धरलं. पहिल्या दिवशी अशी हरखली की मीठ घालायलाच विसरली आणि अख्ख्या गावाने अळणी पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी भीतीने घेरलं. लोक काय म्हणतील? येर्को काय म्हणेल? ती सरळ कबरस्तानात गेली, येर्कोच्या कबरीवरची सुकी पानं झाडली आणि शेजारी बसून त्याला सगळं सांगून टाकलं. तिथे ना आकाशवाणी झाली ना पान हललं. पण उठताना मनात लाज नव्हती. पुढचे दिवस ती भट्टीपुढे उभी राहिली की आत एक शांतपणा असायचा, संध्याकाळी वारा पडल्यावर समुद्राला येतो तसा. त्यात सल एकच होता, नेवेन्काचा.

गावात फोन एकच होता, पोस्टात, पोस्ट सांभाळणाऱ्या दिन्काबाईंच्या नाकासमोर. पेरिनाने लेकीला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"लग्न?" पलीकडून नेवेन्का ओरडली. "आई, वेड लागलंय का तुला? आणि बाबा?"

एरवी पेरिनाने चार शब्द सुनावले असते. तिने ओठ आवळले, मनातल्या मनात प्रभूला हाक मारली आणि म्हणाली, "बाबांचं मी बाबांशी बोलले. तुझं तू सांग. मी कशासाठी हवीय तुला? अगदी खरं सांग."

मग लेकीचा आवाज लहान झाला. "बाळंतपणाची फार भीती वाटते गं आई."

"मग येते की मी! बाळंतपणाला येते, तू हिंडूफिरू लागेपर्यंत राहते. फक्त कायमची नाही, बाळा."

"आणि तो माणूस?"

"थांबेल. नाही थांबला तर तेही कळेल."

"थांबेल, थांबेल! मी सांगते!" दिन्काबाई शिक्के मारता मारता ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी झ्वाने आला. "एक पाव," तो म्हणाला.

"हो," पेरिना म्हणाली.

"पाव?"

"लग्न, येड्या! पण ईस्टरनंतर. हिवाळाभर मी लेकीकडे जातेय."

झ्वानेने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. "आणि भट्टी कोण बघेल?" कोणी काही बोलायच्या आत त्यानेच उत्तर दिलं. "मी बघतो. आग सांभाळायची सवय आहे."

आग त्याने उत्तम सांभाळली. पावाचं मात्र विचारू नका. गावकरी विचारायचे, "झ्वाने, आज पाव दिलास की होडीचा नांगर?" फादर आंद्रो म्हणाले, की 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही विनवणी गावाने आजवर इतक्या कळकळीने कधीच केली नव्हती. शेवटी तोंकाला बघवेना. ती बाह्या सरसावून भट्टीवर गेली आणि त्याला तिंबायला शिकवू लागली. दोन आठवडे रोज त्याच्यावर ओरडल्यावर ती दुकानात जाहीरपणे म्हणाली, "माणूस मठ्ठ आहे, पण उलट बोलत नाही. वहिनीने सोडू नये."

तिकडे झाग्रेबला बर्फ पडला होता. मुलगी झाली, गोरीपान आणि किरकिरी. मायलेकींचं बाळाला गुंडाळण्यावरून रोज भांडण व्हायचं आणि रोज मिटायचं. एका दुपारी दुपटी वाळत घालताना नेवेन्काने पाठमोरीच विचारलं, "कसा आहे गं तो?"

"कमी बोलतो."

"बाबा तर केवढं बोलायचे."

"म्हणून तर! आता जरा कानांना विसावा."

नेवेन्का आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

ईस्टरनंतर लग्न लागलं. नेवेन्का आली. चर्चमध्ये ती ताठ उभी होती आणि जेवणाच्या वेळीही झ्वानेशी मोजकंच बोलली. सगळं एका दिवसात निवळलं असं काही झालं नाही. पण तान्हुली रडायला लागली तेव्हा तिने क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि पोर झ्वानेच्या हातात दिली. त्याने ती काचेच्या दिव्यासारखी धरली आणि मेजवानी संपेपर्यंत श्वास घ्यायचीही भीती वाटत असल्यासारखा बसून राहिला. उन्हाळ्यात नेवेन्का आपणहून महिनाभर राहायला आली.

पेरिनाने त्यानंतर कौल लावला नाही. सवय इतक्या सहज जात नाही. कधी डोळा हळूच डावी-उजवीकडे जायचा, पण ती स्वतःलाच दटावायची. गावातल्या बायका मात्र आता तिच्याकडे सल्ल्याला येऊ लागल्या. एकदा तोंका आली. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता.

"वहिनी, शस्त्रक्रिया करू की नको?"

"प्रार्थना केलीस?"

"केली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"लवकर करा म्हणाले."

"मग अडलंय कुठे?"

"भीती वाटते गं."

पेरिनाने हातावरचं पीठ झटकलं. "भीतीला घे सोबत, मीही येते. तिघी जाऊ. उपाशीपोटी मात्र निघायचं नाही."

दुसऱ्या दिवशीच्या बोटीत दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. तोंकाने वहिनीचा दंड घट्ट धरला होता. पेरिना तिला परतताना शहरात काय काय खायचं ते सांगत होती.