पाणकर फायनलला आला नाही

गोपीचंद कापगते गेली एकतीस वर्षं कोसमटोल्याचा पाणकर आहे. पाणकर म्हणजे गावतलावाचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीने वाटून देणारा माणूस. काम ऐकायला सोपं. पण उन्हाळी धान निसवायला आला, लोंब्या बाहेर पडायला लागल्या, की एरवी मवाळ असलेली माणसंसुद्धा पाण्यासाठी फावडी उगारतात. अशा दिवसांत ज्याच्याविषयी गावात कोणी वाकडा शब्द काढत नाही असा पाणकर सबंध तालुक्यात एकच, आणि तो हा.

हंगामाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून ज्याची जी पाळी निघाली ती निघाली. तिच्यात अदलाबदल नाही, घरात लग्न असो की मरण. आणि पाणकराने उभं राहायचं ते नहराच्या काठावर, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, फावडं घेऊन उतरायचं नाही. एकदा उतरला की हात कोणाच्या तरी बाजूला वळतोच, असं त्याचे वडील सांगत. तेही पाणकरच होते. सख्ख्या साळ्याने एकदा पाळी बदलून मागितली, तेव्हा गोपीचंदने त्याला चहा पाजला, पोटभर जेवू घातलं आणि नाही म्हणून सांगितलं. साळा दोन वर्षं बोलला नाही. गोपीचंदला वाईट वाटलं, पण रात्री झोप लागली.

तर इतका सरळ माणूस फुटबॉलचा विषय निघाला की साफ बिघडायचा.

कोसमटोल्याचं फुटबॉलचं मैदान तलावातच आहे. मार्च लागला की पाणी ओसरत ओसरत तलावाच्या पाळीशी, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याशी, जातं आणि वरच्या अंगाचा अर्धा तलाव कोरडा पडतो. मग ट्रॅक्टर फिरवून, चुना मारून नवजवान क्लबचं मैदान तयार होतं. जोरात मारलेला बॉल पाण्यात जातो आणि कोणीतरी पोहून आणेपर्यंत खेळाडू बसून घेतात. बाहेरगावचे संघ याला हसतात आणि हरून जातात. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, क्लबची सगळी चाहतेमंडळी जमते आणि खेळापेक्षा जास्त वेळ खेळाबद्दल भांडते.

भांडणाचं कारण गेली तीन वर्षं एकच, उमेंद्र. वय चोवीस, हाताला ट्रॅक्टरदुरुस्तीचं काम, आणि डाव्या पायात असं काही की विरुद्ध संघाचा गोलकीपर त्याला पाहूनच जागा बदलायला लागे. पण डोकं असं की विचारू नका. एकदा भर मॅचमध्ये साथीदाराने पास दिला नाही म्हणून हा मैदानाच्या मधोमध बॉलवर बसला आणि शिट्टी वाजली तरी उठेना. एकदा पंचावर चिडून अंगातली जर्सी काढून तलावात फेकली. मग थंड झाल्यावर स्वतःच पोहून ती शोधत बसला. तरी गोपीचंद दर वेळी त्याच्याच बाजूने भांडायचा.

या मोसमात प्रकरण वाढलं. गोंदियाच्या एका क्लबने उमेंद्रला बोलावणं धाडलं होतं, आणि इकडे मंगळवारी क्वार्टर फायनलला उमेंद्र आलाच नाही. ना निरोप, ना कारण. संघ कसाबसा पुढे सरकला. सेमीफायनलला हा आला, दोन गोल मारले, कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेला. आता रविवारी सालेकशाच्या संघाशी फायनल होती. शनिवारी मोहाखाली सभाच भरली.

"देखो गोपीभाऊ," किराणा दुकानदार आणि क्लबचे अध्यक्ष मुन्नालाल म्हणाले, "लडका हीरा हाय, मानतो मी. पर दिल इधर नहीं है उसका. गोंदियावाल्यांना शब्द देऊन बसला तो."

"कोनी पाह्यला शब्द देताना?" गोपीचंद म्हणाला.

"मंग त्या मंगरवारी कुठं मेला होता?" हे शांतीबाई. साठीची बाई, मैदानाच्या कडेला बसून शिव्या देण्यात तिचा हात धरणारा पुरुष नव्हता. उमेंद्रवर तिचा विशेष राग, कारण दोघांच्या शेतांमध्ये एकच धुरा, म्हणजे मातीचा बांध, होता आणि तो येताजाता रामराम करत नसे. "इतका घमेंडी पोट्टा मी जन्मात नाई पाह्यला. उद्या नाई आला तं नाव काटून टाका त्याचा."

"काटून टाकू," मुन्नालाल म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

गोपीचंद तोंड उघडणार, तोच त्याला तो मंगळवार आठवला. दुपारी तीन ते सहा पाळी कोणाची होती? नहराचं तोंड त्याने स्वतःच्या हातांनी फिरवलं होतं आणि मग धोतर सावरत मॅचला पळाला होता. पाळी उमेंद्रची होती. घरचं कोणीतरी उभं राहिलं असेल असं धरून चालला होता तो. पण घरचं म्हणजे कोण? बाप जाऊन चार वर्षं झाली, आईचे गुडघे धरलेले. आणि पाळी दर बाराव्या दिवशी. गोपीचंदने बोटांवर मोजलं. रविवारी, तीन ते सहा, पुन्हा उमेंद्र.

तो पहिल्यांदाच वाद अर्धवट टाकून त्या झाडाखालून उठला.

रविवारी सकाळी तो उमेंद्रच्या अंगणात जाऊन उभा राहिला. आई वाळत घातलेला मोह सारखा करत होती. उमेंद्र एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

"पाळीमुळे नाई आला ना तू त्या दिवशी?"

उमेंद्रने मान वर केली नाही. "हो."

"मंग काऊन नाई सांगतला?"

"सांगतला असता तं पाळी बदलली असती तुमी?"

"नाई."

"मंग कायले सांगू?"

गोपीचंद त्याच्यासमोर उकिडवा बसला. "आज मानूस लाव एखादा," तो म्हणाला.

"फायनलच्या दिवशी?" उमेंद्र हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "मॅच सोडून माझ्या बांधीत उभा राहीन असा एक मानूस दाखवा गावात. तिसऱ्या बांधीले पानी चढत नाई, काका. धुरा फोडत, बुजवत राहा लागते. लोंबी आता दाना धरून राहिली. आज चुकला तं वर्षाचा धान गेला."

गोपीचंदने मनातल्या मनात गावातली घरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पालथी घातली. पोरगं खरं बोलत होतं. मॅच सोडून येईल असा एकही माणूस नव्हता. एक सोडून.

"फावडा धुऱ्यावर ठेव," तो म्हणाला, "अन् चुपचाप खेळाले जा."

उमेंद्रने आता मान वर केली. पाणकर बांधीत उतरत नाही हे कोसमटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"काका, लोक..."

"कोनाले सांगशीन तं टंगडी तोडीन. डाव्या पायाची."

दुपारी तीन वाजता गोपीचंदने नहराचं तोंड फिरवलं, आजूबाजूला पाहिलं, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दुसऱ्याच्या बांधीत पाय घातला. चिखल गार होता. आपण चोरी करतोय असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

शेत तलावाच्या पाळीखाली. मैदान पाळीपलीकडे, पाण्याच्याही पलीकडे. दिसायचं काही नाही, पण पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. पाहुण्यांच्या भाषणांपायी मॅच सुरू व्हायलाच पावणेपाच झाले. मग गोपीचंदचे हात धुरा फोडायला आणि कान पलीकडे. सगळे मिळून लांबट ओरडले म्हणजे बॉल वरून गेला. एकटी शांतीबाई ओरडली म्हणजे उमेंद्रने पास दिला नाही. मध्येच एक भलताच आवाज आला, सालेकशाकडच्या लोकांचा, आणि गोपीचंदला कळलं की आपल्यावर गोल चढला. त्याने फावडं इतक्या जोरात मारलं की भोक नको तेवढं मोठं झालं आणि ते बुजवता बुजवता त्याला धाप लागली. हाफटाइम गेली. मग एकदम पाळच हादरली असं वाटावं असा कल्ला झाला. बरोबरी! गोपीचंदने चिखलाच्या हातांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

सहाच्या ठोक्याला शांतीबाई पाळ उतरून आली. उमेंद्रनंतर पाळी तिची होती, आणि फायनल असो की काही असो, आपलं पाणी सोडणारी ती बाई नव्हे. धुऱ्यावर येऊन ती थबकली. समोर उमेंद्रच्या बांधीत, मांडीपर्यंत चिखलात, गावचा पाणकर उभा.

तिने एकदा त्याच्याकडे, एकदा नहराकडे पाहिलं.

"एक-एक," ती म्हणाली. "थोडासाच टाइम राहिला. सहा वाजले, बंद करा पानी."

गोपीचंद फावडं घेऊन वळला. तेवढ्यात पलीकडे आवाज चढायला लागला, थांबला, पुन्हा चढला.

"दोन मिन्टं, शांतीबाई," तो म्हणाला. "दोनच."

ज्या माणसाने साळ्याला दिलं नाही ते तो मागत होता. शांतीबाईने फावडं जमिनीवर टेकवलं. ती पण कान देऊन उभी होती. दोन मिनिटं गेली, तिसरं गेलं, पाचवं लागलं, पाणी उमेंद्रच्या बांधीत वाहतच होतं. आणि मग पलीकडे जे काही झालं, त्याला आरडाओरडा म्हणणं कमीच. मोहावरचे बगळे उडाले.

"त्यानंच मारला असन," शांतीबाई म्हणाली.

"मंग कोन मारीन?" गोपीचंद म्हणाला आणि घाईघाईने पाणी तिच्याकडे वळवलं. तोंड फिरवून डोळे पुसले, तर चेहराभर चिखल झाला.

तिची बांधी भरायला लागल्यावर, हातपाय धुऊन, तो पाळीवर चढला. मोहाखाली ढाल ठेवली होती, गुलाल उडाला होता, आणि वाद सुरू झाला होता. या मंडळींना जिंकल्यावरही वाद लागतो.

"आओ गोपीभाऊ, आओ!" मुन्नालालचा आवाज कडक होता. "तीन साल आम्हाला सांगितलं, क्लबवर जान देतो म्हणून. और फायनल के दिन खुद गायब? उमेंद्र आला, तुम्ही नाही आले! हा कसला क्लबवाला?"

"घरी झोपला असन," कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

गोपीचंदही हसला आणि खाली बसायला लागला. त्याला त्या दिवशी कोणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण उमेंद्रला चालण्यासारखं नव्हतं. गुलालाने माखलेला तो पोरगा उठला आणि त्याने गळ्यातला हार काढून आपटला.

"कोन हसला? कोन हसला आता?" त्याचा आवाज फाटला. "माझ्या बांधीत उभा होता तो मानूस! तीन ते सहा! पाणकर असून चिखलात उतरला, मले खेळता यावा म्हनून! त्याले हसता? नाई खेळत मी तुमच्यात, जा! ठेवा तुमची ढाल!"

आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. मोहाखाली बसलेल्या प्रत्येकाचं शेत त्याच तलावाखाली होतं.

गोपीचंद सावकाश उभा राहिला. "खरं आहे," तो म्हणाला. "उतरलो मी. एकतीस वर्षात पयल्यांदा. पाळी त्याचीच होती, पन नियम मोडला तो मोडला. दुसरा पाणकर पाहा तुमी." पण पोराकडे पाहिल्यावर त्याला पश्चात्ताप काही होईना.

तेवढ्यात मागून शांतीबाई आली. फावडं खांद्यावर, लुगडं ओलं.

"नुसता उतरला नाई," ती म्हणाली. "सहा वाजून पाच मिन्टं पानी चालू ठेवला यानं. माझा पानी. गोल आयकाले." ती उमेंद्रकडे वळली. "भरून दे माझे पाच मिन्टं. बाराव्या दिवशी, तुझ्या पाळीतून."

उमेंद्र तिच्यापुढे मान खाली घालून उभा होता, जन्मात पहिल्यांदा. "दहा घे, काकू," तो म्हणाला.

"दहा नाई," गोपीचंद ताडकन म्हणाला. "पाच म्हंजे पाचच."

मुन्नालालनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग सरकून त्यांनी गोपीचंदला बसायला जागा केली. "बैठो, पाणकर," ते म्हणाले.