क्लचबाईची गुंतवणूक

माझ्या मोठ्या मावशीला अर्धं शहर क्लचबाई म्हणून ओळखतं. वीसेक वर्षं ती लोकांना गाडी शिकवते आहे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा वेगळा क्लच आणि ब्रेक ठेवायचा आणि तासभर ओरडायचं, "क्लच! अहो, क्लच दाबा आधी!" तिच्या हाताखालून डॉक्टर गेले, निवृत्त साहेब गेले, नवऱ्याशी भांडून तावातावाने स्टिअरिंग धरायला आलेल्या बायका गेल्या. मीही तिच्याकडेच शिकले. सख्खी भाची म्हणून काही सवलत मिळाली नाही. "भाची तू माझी, पण गाडीही माझीच आहे," म्हणाली आणि पहिल्याच दिवशी चढावर गाडी बंद पडली तेव्हा सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली.

या धंद्यात पाय बोलतात. पन्नाशी उलटली तसे मावशीचे दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले आणि म्हणाले, "काही वर्षं ढकलाल, पण डावा गुडघा एक दिवस बदलावा लागणार." मावशीला निवृत्तिवेतन नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. त्यांचीही नोकरी संपत आलेली. दवाखान्यातून घरी येईपर्यंत मावशीने ठरवून टाकलं होतं. एक छोटं घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं.

"एक घर झाडायला तुला वेळ नाही, दुसरं कशाला?" काकांनी विचारलं.

"दुसरं मी नाही झाडणार. भाडेकरू झाडेल."

मावशी बँकेत गेली. कर्ज बघणारा अधिकारी तिचाच जुना विद्यार्थी होता. कधीकाळी त्याने तिची गाडी दुभाजकावर चढवली होती, आणि तिला समोर पाहून तो अजूनही खुर्चीत ताठ बसला. मावशीने सांगितलं, घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा माझ्याकडे आहे, बाकीचे तुम्ही द्या.

तो म्हणाला, "बाई, तेवढे पैसे घरासाठी पुरतात, घर घेण्यासाठी पुरत नाहीत."

मग त्याने उलगडून सांगितलं. बँक किमतीच्या पाचांपैकी जास्तीत जास्त चार हिश्श्यांपर्यंत जाते. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वकील, रंगरंगोटी, हे सगळं घेणाऱ्याच्या खिशातून. शिवाय वय पाहून मुदत ठरते. तिला वीस वर्षं कुणी देणार नव्हतं, म्हणजे हप्ता मोठा. आणि सगळ्यात मोठी गोम निघाली ती तिच्या उत्पन्नाची. शिकवणीचे पैसे बरेचसे रोख यायचे. कर वाचावा म्हणून मावशी विवरणपत्रात हात राखून आकडा लिहायची. आता बँक तोच आकडा धरून कर्ज मोजणार होती.

"म्हणजे मी मला स्वतःलाच गरीब करून ठेवलं होय!" मावशी म्हणाली.

तिने वर्षभर थांबायचं ठरवलं. त्या वर्षी खरं उत्पन्न दाखवलं, कर भरला, सकाळची एक जादा तुकडी घेतली. काकांना सहकर्जदार केलं. अधिकाऱ्याने आणखी एक गोष्ट बजावली होती. भाडं हप्त्याएवढं येईल या भ्रमात राहू नका, आणि घर रिकामं राहिलं तर सहा महिने हप्ता भरता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. काकांनी गणित मांडून पाहिलं तर त्या भागातलं भाडं हप्त्याच्या जेमतेम निम्मं होत होतं.

"म्हणजे अर्धा हप्ता भाडेकरू भरणार आणि अर्धा तुझा गुडघा," ते म्हणाले.

मावशीने गणिताचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

कर्जाला तत्त्वतः होकार मिळाल्यावर घरं बघणं सुरू झालं. औषधांच्या दुकानावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट तिला पाहताक्षणी आवडला. सकाळचं ऊन सरळ स्वयंपाकघरात यायचं, पाण्याचा दाब चांगला होता, बसथांबा खाली. मालक गोडबोल्या होता. किंमतही बाजारभावापेक्षा थोडी कमी. दलाल मात्र सारखा घड्याळाकडे बघत होता. "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, बाई. आज बयाणा टाका, नाहीतर हातचं जाईल."

मावशीने बयाणा टाकला, पण छोटा, चेकने, आणि पावतीवर एक ओळ लिहून घेऊन. मालकीत दोष निघाला तर बयाणा पूर्ण परत. ही ओळ वकीलबाईंनी सांगितली होती. वकीलबाई साठीच्या, आवाज बारीक, चष्मा कपाळावर. त्याही मावशीच्याच विद्यार्थिनी. गाडी मागे घेताना त्यांनी एका बंगल्याच्या फाटकाचा खांब आडवा केला होता.

मावशीने त्यांना विचारलं होतं, "बँकेचा वकील बघणारच आहे की कागद. मग तुम्ही कशाला?"

"तो बँकेसाठी बघतो. बँकेचे पैसे बुडू नयेत एवढंच त्याचं काम. तुमचं घर तुमचं राहावं हे बघायला तुमचा माणूस नको का?"

वकीलबाईंनी मालकाला कचेरीत बोलावलं. तो फाईल घेऊन आला. फ्लॅट त्याच्या आईने घेतलेला होता, वडील आधीच गेले होते, आई अकरा वर्षांपूर्वी वारली होती. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून त्याचं नाव होतं. ते त्याने अभिमानाने दाखवलं.

"आईंनी मृत्युपत्र केलं होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"गरजच काय? नॉमिनी मीच आहे ना."

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो. आई गेल्यावर सोसायटीने कुणाशी बोलायचं, तो माणूस. राखणदार म्हणा हवं तर. मालकी वारसांची. तुम्ही एकुलते एक?"

त्याने फाईल मिटली. "एक बहीण आहे. पण ती लग्न होऊन गेली. तिचा काही संबंध नाही."

"निम्मा संबंध आहे," वकीलबाई म्हणाल्या. "एकतर त्यांनी तुमच्याबरोबर खरेदीखतावर विकणार म्हणून सही करायची, नाहीतर आधी नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र द्यायचं. तिसरी वाट नाही."

मालकाचा चेहरा पडला. दोन दिवसांनी दलालाचा फोन आला. मालक किंमत आणखी उतरवायला तयार आहे, फक्त बहिणीला मध्ये आणू नका. कागद इतके खोलात न बघणारी एक वित्तसंस्था माझ्या ओळखीची आहे, व्याज थोडं जास्त, पण काम पंधरवड्यात.

गंमत अशी, की इतके दिवस मोडता घालणारे काकाच आता पाघळले. "अकरा वर्षांत ती बाई फिरकली नाही, आता कशाला येते? एवढ्या किमतीत तसं घर पुन्हा मिळायचं नाही."

मावशी त्या रात्री नीट जेवली नाही. घर तिला हवंच होतं. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे हे तिने मला सांगूनही टाकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिने वकीलबाईंकडून बहिणीचा पत्ता मिळवला आणि मला म्हणाली, "गाडी काढ. माझा पाय आज चालत नाहीये."

बहीण शेजारच्या छोट्या शहरात राहत होती. रस्त्याच्या कडेला तिची रोपवाटिका होती. आम्ही गेलो तेव्हा ती मांडीएवढ्या पिशव्यांत माती भरत होती. साधारण मावशीच्याच वयाची, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. आम्हाला रोपं हवी असतील असं समजून तिने आधी गुलाब दाखवले.

मावशीने आडवळणं घेतली नाहीत. "तुमच्या आईचा फ्लॅट मी विकत घेतेय. तुमची सही लागेल, म्हणून आले."

बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. "तो विकतोय?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार?" तिने हात फडक्याला पुसले, पण पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली. "शेवटची सहा वर्षं आई अंथरुणावर होती. मी तिथेच होते, त्याच खोल्यांत. ती गेल्यावर आठवड्याने भावाने माझ्याकडची किल्ली मागितली. मला वाटलं, कुलूप दुरुस्त करायचं असेल. दिली. परत नाही मिळाली."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणणार? कागदावर त्याचं नाव. मला वाटलं, संपलं."

इथे मावशी गप्प राहू शकली असती. सही कुठे करायची ते सांगून, थोडेफार पैसे हातावर ठेवून मोकळी झाली असती तर त्या बाईने बहुधा सही दिलीही असती. मी मावशीकडे बघत होते. तिने एकदा गुडघा चोळला, आणि मग वकीलबाईंनी जे सांगितलं होतं ते सगळं त्या बाईला सांगितलं. नॉमिनी म्हणजे काय. निम्मा हिस्सा कुणाचा. हक्कसोडपत्रावर सही केली तर काय जातं. "उद्या कुणी घरी कागद घेऊन आलं तर वाचल्याशिवाय अंगठासुद्धा लावू नका. आधी तुमचा स्वतःचा वकील करा. माझी वकीलबाई नको, ती माझ्या बाजूची आहे."

बाईने खाली ठेवलेली पिशवी पुन्हा सरळ उभी केली. मग म्हणाली, "त्या स्वयंपाकघरात सकाळी ऊन येतं अजून?"

"येतं," मावशी म्हणाली.

परतताना अर्ध्या रस्त्यात मावशीने विचारलं, "मी आत्ता माझ्या हातांनी घर घालवलं ना गं?"

मी गिअर बदलला. तिने सवयीने माझ्या पायाकडे पाहिलं.

घर गेलंच. बहिणीने वकील केला आणि विकायला नकार दिला. पुढे तिने रोपवाटिकेलगतचा जमिनीचा एक तुकडा विकून भावाचा निम्मा हिस्सा रीतसर विकत घेतला आणि स्वतःच तिथे राहायला गेली. मालकाने मावशीला फोन करून नाही नाही ते ऐकवलं. दलाल म्हणाला, "लोक दुसऱ्याच्या पायावर धोंडा मारतात, तुम्ही स्वतःच्या मारून घेतलात, तोही दुखऱ्या." बयाणा परत मिळाला, पण वकीलबाईंची नोटीस गेल्यावर. बँकेची मंजुरी मुदत संपून रद्द झाली, प्रक्रिया शुल्क बुडालं, वकीलबाईंची फीही द्यावी लागलीच. त्या महिन्यात मावशीकडे गाडी शिकायला आलेल्या लोकांचे हाल कुत्रा खाईना. एकजण तर रडत घरी गेला.

बहिणीने नंतर कधी फोन केला नाही, की धन्यवादाचा शब्द धाडला नाही. मावशीला त्याचं थोडं लागलं. "निदान घरात राहायला गेल्याचं तरी कळवायचं," ती एकदा म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. मी काय तिच्या ओळखीची होते?"

पुढच्या वर्षी तिने बस आगाराच्या मागे तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर घेतलं. ऊन बेताचंच, पहाटे डिझेलचा वास. विकणारं जोडपं दोघंही परिचारक, बदली होऊन निघालेलं. कागद स्वच्छ होते. तीस वर्षांच्या नोंदी वकीलबाईंनी पाहिल्या, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला घेतला, जोडप्याला त्यांचं जुनं कर्ज फेडायला लावून घरावरचा बोजा उतरवून घेतला. जोडप्याने थोडी रक्कम रोख, कागदावर न दाखवता मागितली, तेव्हा मावशी म्हणाली, "जेवढं कागदावर तेवढंच बँक देते, आणि उद्या भांडण झालं तर तेवढंच माझं असतं." ते मानले.

नोंदणीच्या कचेरीत काका नवीन शर्ट घालून आले होते. अंगठ्याचे ठसे घेताना त्यांचा अंगठा यंत्राला उमटेना. आयुष्यभर आम्लाच्या बाटल्या हाताळून रेषाच पुसट झालेल्या. कारकुनाने चौथ्यांदा प्रयत्न केला तेव्हा मावशी मागून ओरडली, "अहो, दाबा! दाबा आधी!" आख्खी रांग हसली.

भाड्याचा अनुभव सुरुवातीला कडूच. पहिला भाडेकरू आधी उशिरा भाडं द्यायचा, मग अर्धं द्यायचा, मग एक दिवस बाडबिस्तरा गुंडाळून निघून गेला. अनामत रक्कम घेतली होती आणि नोंदणी केलेला भाडेकरार होता म्हणून फार बुडालं नाही. पण नंतर घर चार महिने रिकामं राहिलं. बाजूला ठेवलेल्या पैशांतून हप्ते गेले. त्या दिवसांत काकांनी "मी सांगत होतो" हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. मावशी म्हणते, बत्तीस वर्षांच्या संसारातली ही त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी.

मग शिवणवर्ग चालवणाऱ्या दोघी बहिणी राहायला आल्या. त्या दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच भाडं देऊन मोकळ्या होतात, मात्र प्रत्येक स्क्रूसाठी फोन करतात. घरपट्टी, सोसायटीचा खर्च, दुरुस्त्या वजा जाता हाती येतं ते काकांनी मांडलं होतं त्याहूनही कमीच. तरी कर्ज उतरतं आहे. शिकवणी आता सकाळी दोनच तास.

गेल्या हिवाळ्यात मावशीचा डावा गुडघा बदलला. शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ बसले होते. फिजिओथेरपीवाला तिला चालवायला आला, आणि तेवढ्यात फोन वाजला. शिवणवाल्या. न्हाणीघरातला नळ बंद होत नव्हता, पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं होतं. मावशीने एका हाताने वॉकर धरला आणि दुसऱ्या हाताने फोन. "मुख्य कॉक बंद करा आधी! स्वयंपाकघरात, ओट्याखाली, डाव्या हाताला. डाव्या म्हणाले ना मी! फिरवा. अजून फिरवा."

परिचारिकेने येऊन तिच्या हातातला फोन काढून घेतला. नळ काकांनी त्याच संध्याकाळी बदलून घेतला.