इंजिन, एक डबा आणि ब्रेकव्हॅन

आमच्या घरमालकांइतकी आखूड गाडी इतक्या कष्टानं बांधणारा माणूस परभणी जिल्ह्यातच काय, जिथवर रूळ गेलेत तिथवर शोधला तरी दुसरा सापडायचा नाही. जन्मभर रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर हौसेनं घरातच छोटी रेल्वे उभारली, तर माणसानं निदान दहा डब्यांची एक्स्प्रेस तरी बांधावी की नाही? आमच्या गार्डसाहेबांची गाडी म्हणजे एक इंजिन, एक डबा आणि मागं ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डाचा स्वतःचा डबा. खलास. बघणाऱ्यानं 'आली, आली' म्हणेपर्यंत ती निघूनही जायची. मी त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत भाडेकरू होतो, शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि विज्ञानाच्या मास्तराला असते तेवढी सगळी आगाऊ अक्कल माझ्याजवळ होती. त्यामुळे त्या गाडीला पहिली काही वर्षं सगळ्यांत जास्त मीच हसलो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

गार्ड हा गाडीच्या शेवटाला बसणारा माणूस, आणि शेवटाची ही सवय साहेबांच्या हाडीमांसी खिळली होती. वरातीत नवरदेवाच्या घोड्याजवळ जागा मिळवायला लोक धक्काबुक्की करत, आणि आमचे साहेब सगळ्यांच्या मागं, गॅसबत्ती डोक्यावर घेतलेल्या शेवटच्या बाईच्याही मागं, हात पाठीशी बांधून चालत. पंगतीत शेवटचं पान त्यांचं. लेकीकडं जिंतूरला जायचं तर एसटीत पुढं जागा रिकाम्या असल्या तरी ते मागच्या बाकावर, मान वळवून मागच्या काचेतून बघत बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, पुढं काय हाय ते डायवर बगंल. मागं काय राह्यलं ते कोन बगायचं?" शिट्टी गळ्यात असायचीच. घरातून निघताना त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, कुलूप लावून झालं की ती हळूच वाजायची, आणि काकू कपाळाला हात लावायच्या.

एकदा गल्लीतली मंडळी टेम्पो करून पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघाली. टेम्पो गच्च भरला होता. तेवढ्यात कोपऱ्यावरची एक बाई दोन लेकरं घेऊन धावत आली. टेम्पोवाला म्हणाला, "जागा न्हाई बाई, दुसऱ्या फेरीला या." झालं! एरवी मुंगीलाही न दुखावणारे गार्डसाहेब एकदम उसळले. टेम्पोवाल्याची गचांडी धरली, काकूंना हाताला धरून खाली उतरवलं, त्या बाईला नि लेकरांना स्वतः उचलून वर चढवलं आणि म्हणाले, "दुसरी फेरी म्हनू नको. दुसरी फेरी येत नसती." आम्ही सगळे पोखर्णीपर्यंत पोट धरून हसलो. दोघं नवरा-बायको मागून दुपारच्या गाडीनं आली. काकूंचं तोंड एवढंसं झालं होतं. तेही आम्हाला रुसवा वाटला.

गाडी मधल्या खोलीत होती. जुनं दार काढून चार पत्र्याच्या पिंपांवर आडवं टाकलं होतं, त्यावर छत्रीच्या काड्यांचे रूळ, वनस्पती तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून केलेलं इंजिन, आत बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटार आणि टॉर्चचे सेल. 'येलदरीच्या धरनावर येवढी वीज व्हायलीय, पर आपल्या घरी कवा येती?' असं म्हणून त्यांनी आपली रेल्वे विजेच्या भरवशावर ठेवलीच नव्हती. धुराड्यात कापसाचा बोळा. फलाट मात्र अगदी मोकळा. बाक नाही, हमाल नाही, माणूस नाही. नुसती एक कडुलिंबाची फांदी, ती वाळली की नवी. मी म्हणायचो, साहेब, आणखी दोन डबे जोडा, शोभा येईल. त्यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "येवढीच होती." कोणती, कधी, ते सांगायचे नाहीत.

आणि ती ब्रेकव्हॅन! पहिल्या वर्षी ती काडेपेटीएवढी होती. दसऱ्याच्या आसपास त्यांनी ती मोडली आणि वीतभर केली. पुढच्या दसऱ्याला सव्वा वीत. मग तिनं डब्याला मागं टाकलं, मग इंजिनाला. शेवटी ती इतकी लांबली की वळणावर रुळावरून घसरायला लागली. कुणीही शहाण्या माणसानं व्हॅन कापली असती. साहेबांनी वळण मोठं केलं. वळणासाठी दुसरं दार आडवं टाकलं, आणि दारासाठी काकूंची ज्वारीची कणगी ओसरीत गेली. मी फूटपट्टी घेऊन गेलो आणि प्रमाण चुकलंय हे त्यांना आकडे मांडून दाखवलं. "तुमचं प्रमान शाळेत ठिवा," ते म्हणाले, आणि पत्र्याला कानस मारत राहिले. जाता जाता मी एक टोला हाणलाच, "गार्डसाहेब, एवढ्या मोठ्या ब्रेकात बसवणार तरी कुणाला?"

कानस थांबली. ते उठले आणि परसात निघून गेले. काकू चुलीपाशी होत्या. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मास्तर, येवढं तुमी इचारायला नको व्हतं." आणि मग भाकरी थापता थापता त्यांनी मला सगळं सांगितलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षीची, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यातली गोष्ट. गावोगाव दलितांच्या वस्त्या पेटत होत्या. गाड्यांचा भरवसा नव्हता. त्या दुपारी मिळेल ते जोडून गाडी काढा असा हुकूम आला, आणि मिळालं ते एक इंजिन, एक डबा, एक ब्रेकव्हॅन. वाटेत एक लहानसं स्टेशन आहे. नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. फलाटावर बोचकी घेऊन अकरा जण उभे होते. मागं त्यांच्या वस्तीवर धूर होता. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या अकरांमध्ये त्या स्टेशनचा पोर्टर होता, साहेबांना पंधरा वर्षं कंदील दाखवणारा, म्हातारी आई खांद्याशी धरून. तो म्हणाला, "साहेब, ब्रेकात घ्या." ब्रेकव्हॅनमध्ये परवानगीशिवाय उतारू घ्यायचा नाही, हा नियम. साहेबांनी उभ्या हयातीत नियम मोडला नव्हता. ते म्हणाले, "दुसऱ्या गाडीनं या," आणि हिरवं निशाण दाखवलं. दुसरी गाडी त्या दिवशी आली नाही. ते लोक दोन दिवस ज्वारीच्या ओल्या शेतात लपून राहिले. पोर्टरची आई दम्यानं तिथंच गेली. साहेबांची गाडी मात्र वेळेवर पोचली होती. गार्डाच्या वहीत तशी नोंद आहे म्हणे.

मी भाकरी न खाता उठलो. अठ्ठ्याहत्तर साली मी स्वतः काय केलं होतं? याच परभणीत खोलीला आतून कडी लावून बसलो होतो. मला कुणी 'आत घ्या' म्हणालं नाही, एवढंच माझं नशीब. त्या माणसाला फूटपट्टी दाखवायचा अधिकार मला कुणी दिला होता?

त्यानंतर मी हसलो नाही. दर दसऱ्याला साहेब धुतलेला सदरा घालून त्या स्टेशनला जातात, हेही मला तेव्हाच कळलं. एका वर्षी मीही सोबत गेलो. पोर्टर सिग्नलचा कंदील पुसत होता. साहेब त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "एकदा घरी ये. गाडी बगून जा. येवढंच." तो कंदील पुसतच म्हणाला, "ड्युटीवर हाव साहेब." तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. परतीच्या गाडीला दोन तास होते. साहेब फलाटाच्या टोकाशी ऊन अंगावर घेत बसून राहिले. त्या माणसानं एकदा यावं, गाडी बघावी आणि बरंवाईट काय ते बोलावं, यापलीकडं त्यांना आयुष्यात काही नको होतं. घरी आल्यावर व्हॅन पुन्हा दोन बोटं वाढली.

असं करत करत चौऱ्याण्णवचा जानेवारी उजाडला. विद्यापीठाला नाव लागलं. चार दिवसांनी भर दुपारी दारात एक पिकल्या केसांचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहिला. साहेबांना तेव्हा छातीच्या दुखण्यानं खाट धरायला लावली होती. आवाज ऐकून ते धडपडत उठले. पोर्टर म्हणाला, "नाव झालं. पेढे वाटायलो. लय सालं बोलवायलाव तुमी, म्हनलं जाऊन यावं."

साहेबांनी सेल बसवले. गाडी निघाली, ते भलंमोठं वळण घेऊन मोकळ्या फलाटाला लागली, आणि ब्रेकव्हॅनचं उघडं दार फलाटासमोर आलं. "बग," साहेब म्हणाले, "अकराच्या अकरा मावतेत. मोजून केलीय." पोर्टर उकिडवा बसला. त्यानं दारातून आत बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं. मग सावकाश म्हणाला, "त्या खऱ्या ब्रेकातबी मावलो असतो, साहेब. येवढी मोठी करायची गरज न्हवती."

काकूंनी चांगल्या कपबशीत चहा आणला. त्यानं अर्धा घेतला, अर्धा ठेवला. माफ केलं म्हणाला नाही, आणि साहेबांनीही मागितलं नाही. निघताना त्यानं एक पेढा साहेबांच्या तळहातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी पत्र्याची कात्री मागितली. एवढ्या वर्षांत वाढवलेली ती ब्रेकव्हॅन त्यांनी कापली, पुन्हा काडेपेटीएवढी केली. मग गुल काढून आखूड मोडलेल्या अकरा काड्या घेतल्या आणि चिमट्यानं एकेक करून आत उभ्या केल्या. शेवटची, जरा वाकलेली, भिंतीला टेकवून. सगळ्या मावल्या. दाराजवळ एक कोपरा रिकामा राहिला. त्यावर चिमटा टेकवून ते मला म्हणाले, "अन् हितं मी उभारलो असतो, मास्तर."

त्या उन्हाळ्यात ते गेले. काकू लेकीकडं जिंतूरला राहायला गेल्या आणि ती गाडी माझ्याकडं आली. माझ्या कपाटावर आहे. पोरं म्हणतात, सर, डबे जोडा. मी जोडत नाही. एसटीत बसलो की हल्ली मीही मागच्या बाकावर बसतो आणि गाडी सुटताना काचेतून मागं कोण राहिलं ते बघतो. मागं बघायला मला फार उशीर झाला, साहेब.