पंधरावा खडा

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचल्या, पण खऱ्या कधी मानल्या नाहीत. डोंबिवलीच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होते. अशी पुस्तकं कोणत्या कपाटात ठेवायची हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

१९९२चा जानेवारी. आमच्या सोसायटीने मिनीबस करून कर्नाटकची सहल काढली होती. त्यातला एक दिवस आगुंब्याच्या घनदाट जंगलात, वाटाड्याबरोबर. आमची दोघांची नावं ह्यांनीच दिली होती. त्याआधीच्या नोव्हेंबरात हे गेले. कल्याणच्या इस्पितळात – मी अंघोळीला म्हणून घरी आले होते, तेवढ्या दोन तासांत. शेवटच्या क्षणी ते एकटे होते, हे काही केल्या मनातून जात नव्हतं. सहलीला जायचं नव्हतंच. पण सुमन, माझी धाकटी नणंद, माझी बॅग भरूनच बसली.

"वहिनी, घरात बसून भिंतींशी काय बोलणार आहेस? त्याच्या जागेवर मी येते."

वाटाड्या शिवण्णा साठीचा, हिंदी मोडकंतोडकं. जंगलात शिरायच्या आधी त्याने आम्हाला एका सपाट खडकापाशी थांबवलं.

"हर आदमी एक पत्थर रखो. वापस आके अपना उठाओ. पत्थर बाकी, तो आदमी अंदर बाकी."

"आणि वाघाने नेलं तर माझा दगड कोण उचलणार?" सुमनने विचारलं.

"तुला नेऊन वाघाचंच डोकं उठेल," शेजारचे जोशीकाका म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा, बऱ्याच दिवसांनी.

आत भर दुपारी तिन्हीसांजेसारखा उजेड होता. जळवा चढू नयेत म्हणून मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलेलं, त्याचा वास आणि कुजलेल्या पाल्याचा वास. झाडं इतकी उंच की शेंडे दिसेनात. हे असते तर प्रत्येक झाडाशी थांबले असते, असं सारखं वाटत होतं.

चारच्या सुमारास बाहेर आलो. सगळ्यांनी आपापला खडा उचलला, तरी एक उरला. शिवण्णाने आम्हाला मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं.

"कौन बाकी?"

तो पांढऱ्या रेघेचा खडा मी ओळखला. मीच ठेवला होता. तीस वर्षं रांगेत जागा धरणं, फॉर्म भरणं, सगळं मी दोघांचं करत आले. हे नेहमी मागून यायचे. सकाळी हाताने सवयीने दोन खडे ठेवले होते, आणि मला कळलंही नव्हतं.

"मेरी गलती," मी हळूच म्हणाले. "मेरे पति का रख दिया. वो... अब नहीं हैं."

वाटलं, तो खडा भिरकावून देईल. त्याने हातही लावला नाही.

"रखा है तो बुलाना पड़ेगा, अम्मा. अकेला कैसे छोड़ेगा?"

"अहो शिवण्णा, पुरे आता," जोशीकाका पुढे आले. पण 'अकेला' ऐकल्यावर माझा पाय तिथून निघेना. मी वाटेकडे तोंड केलं. ह्यांचं नाव मी कधीच घेतलं नव्हतं.

"अहो... चला. निघायचंय."

काही झालं नाही. पानही हललं नाही – हे मी प्रामाणिकपणे सांगते. शिवण्णा मात्र वाटेकडे बघत होता, येणाऱ्या माणसाकडे बघावं तसा. मग तो जरा बाजूला सरला, वाट दिल्यासारखा. आणि मला विचारलं,

"साब के बाएँ पैर को कुछ हुआ था क्या? धीरे चलता है."

सुमनने माझं कोपर घट्ट धरलं. कोलशेतच्या कारखान्यात ह्यांच्या डाव्या पायावर लोखंडी पत्रा पडला होता. दोन बोटं गेली, तेव्हापासून ते पाय जपून टाकत.

शिवण्णाने खडा उचलून वाटेशेजारच्या ओढ्यात सोडला आणि पुढे चालू लागला.

त्याला हे कोणी सांगितलं असेल? मी प्रत्येकाला विचारलं. ड्रायव्हरलाही. प्रत्येकाने नाहीच म्हटलं. जोशीकाकांच्या मते त्याने अंदाजाने ठोकून दिलं. असेलही. पण डावाच पाय?

बसमध्ये सगळे बसले. ड्रायव्हरने किल्लीला हात घातला तेव्हा सुमन दारातच उभी होती.

"थांबा जरा," ती म्हणाली.

ड्रायव्हरने किल्लीवरचा हात काढला. पायरीकडे बघत, एक पाय जपून टाकणाऱ्या माणसाला चढायला लागतो तेवढा वेळ तिने दार उघडं धरलं. मग लावून घेतलं.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. पण त्या संध्याकाळी ह्यांना मागे सोडून मी निघाले नाही, एवढं मात्र खरं.